योसोकु : संगणकाच्या गणितातला हरवलेला ‘जर’

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्या हाताबाहेर गेल्या, तेव्हा किरणोत्सर्गी धूळ वाऱ्याबरोबर कुठे जाईल हे दाखवणारी संगणकप्रणाली जपानकडे तयार होती. तिचं इंग्रजी संक्षिप्त नाव ‘स्पीडी’. जपानी नाव लांबलचक, आणि त्याच्या मधोमध ‘योसोकु’ हा शब्द. ‘यो’ म्हणजे आधी, ‘सोकु’ म्हणजे मोजणं. इंग्रजी ‘प्रेडिक्शन’साठी जपानीत हाच शब्द रुळलेला आहे.

भट्टीतून नेमकं किती बाहेर पडतंय, हा आकडा स्पीडीला हवा होता. भूकंपानं वीज गेली आणि तो येईनासा झाला. मग तासाला एक बेकरेल सुटतंय असं गृहीत धरून नकाशे काढले गेले. बेकरेल हे किरणोत्सर्गाचं अतिशय चिमुकलं एकक. त्या नकाशांवरून दिशा कळत होती, प्रमाण नव्हे. स्पीडीचा पहिला नकाशा लोकांपुढे आला तो २३ मार्चला. तोवर नामिए गावचे हजारो लोक वायव्येला त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले होते, आणि १५ मार्चला धूळही त्याच दिशेला गेली होती.

पुढे सरकारी चौकशी समितीनं म्हटलं, हे नकाशे वेळेत मिळते तर लोकांना वाट निवडायला मदत झाली असती. संसदेच्या समितीचं मत वेगळं पडलं : मूळ आकड्याविना असं गणित सुरुवातीच्या स्थलांतराचा आधार होऊ शकत नाही. २०१४ मध्ये अणुनियमन प्राधिकरणानं स्थलांतराच्या निर्णयासाठी स्पीडी वापरायची नाही असं ठरवलं. मला पहिल्या समितीचं म्हणणं पटतं. चाचणीदाखल केलेल्या हिशेबाला जपानीत ‘शिसान’ म्हणतात. तो शब्द ठळक छापून नकाशे पहिल्याच दिवशी लोकांच्या हाती द्यायला हवे होते. योसोकु, म्हणजे ‘आधीच मोजलेलं’ म्हटलं, की ते बरोबर तरी असतं किंवा चूक तरी. जर-तरला तिथे जागा उरत नाही.

हवामानबदलाच्या अहवालांतही हीच अडचण आहे. इंग्रजीत ‘प्रेडिक्शन’ वेगळं, ‘प्रोजेक्शन’ वेगळं. दुसऱ्यात अट असते : उत्सर्जन अमुक राहिलं, तर तापमान तमुक वाढेल. मूळचे जपानमधल्या एहिमेचे आणि २०२१ चे नोबेलविजेते स्युकुरो मानाबे यांनी सहकारी वेदराल्ड यांच्यासोबत १९६७ मध्ये केलेलं गणित याच जातीचं होतं : कर्बवायू दुप्पट झाला, तर तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल. जपानी अनुवादात मात्र ‘प्रोजेक्शन’लाही योसोकुच म्हणतात. ‘तोएइ’ हा शब्द आहे, पण तो भूमितीतल्या प्रक्षेपणाचा. तापमानाला तो चिकटत नाही. अशा वेळी अनुवादकानं अट वाक्यातच घालावी, वाक्य लांबलं तरी चालेल.

रोजच्या हवामान अंदाजाचा शब्द मात्र निराळा : ‘योहो’, म्हणजे आधी कळवणं. १९५२ च्या हवामान सेवा कायद्यानुसार हा व्यवसाय करायला परवाना लागतो.

सगळ्यात फसवा शब्द ‘केन्शो’, म्हणजे पडताळणी. अभियांत्रिकीत तो ‘व्हेरिफिकेशन’साठी येतो : समीकरणं संगणकानं बिनचूक सोडवली का? प्रत्यक्षाशी जुळतात का, हे पाहण्याला तिथे ‘दातोसेइ काकुनिन’ असं स्वतंत्र नाव आहे. हवामानखात्यात मात्र अंदाज प्रत्यक्ष पावसाशी ताडून पाहणं, हेच केन्शो. त्यामुळे वादळाचं मॉडेल आणि त्या वाऱ्यात उभ्या पुलाचं मॉडेल एकाच अहवालात आलं, तर दर केन्शोपाशी थांबून विचारावं लागतं : इथे गणित तपासलंय, की पूल?