‘कळवितों’ म्हटल्यानंतरचें मौन

नोकरीच्या उमेदवारास नकार मिळणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. नकाराचें दुःख चार दिवसांत ओसरतें आणि मनुष्य दुसरा अर्ज लिहावयास बसतो. परंतु हल्लीं डोंबिवली-कल्याणकडील सुशिक्षित घरांतून जी तक्रार ऐकूं येते, ती निराळीच आहे. उमेदवाराच्या चार-चार मुलाखती होतात, घरून करून आणावयाचें काम दिलें जातें, पगाराचीं बोलणींही होतात. त्यापायीं तो हातच्या नोकरींतील रजा खर्चितो, गर्दीच्या लोकलनें ठाण्यास उतरून ऐरोलीची गाडी धरतो, आणि शेवटीं ‘कळवितों’ एवढा शब्द घेऊन परततो. मग पत्र नाहीं, निरोप नाहीं.

या मौनाची किंमत सारें घर देतें. दुसरीकडे चालून आलेली जागा घ्यावी कीं नाहीं, हें ठरत नाहीं. घरासाठीं कर्ज काढण्याचा बेत लांबतो. आणि उमेदवार स्वतःमध्येंच दोष शोधूं लागतो. वास्तविक कित्येकदां दोष त्याचा नसतो. पहिल्या पसंतीच्या उमेदवारानें नकार दिल्यास हाताशीं असावा म्हणून दुसऱ्यास तिष्ठत ठेवितात. कधीं ती जागाच रद्द होते.

निवड झाल्यावरही हा त्रास चुकतोच असें नाहीं. इन्फोसिसनें २०२२ च्या सुमारास निवडलेल्या सुमारें २,००० पदवीधरांना अद्याप रुजू करून घेतलें नाहीं, अशी तक्रार पुण्याच्या ‘नाइट्स’ या कर्मचारी-संघटनेनें ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली. त्यानंतर उमेदवारांना रुजू होण्याच्या तारखा मिळूं लागल्या.

कायद्याचा आधार तोकडा आहे. निवड-यादींत नांव आल्यानें सरकारी नेमणुकीचा हक्क उत्पन्न होत नाहीं, मात्र सरकारनें मनमानी करतां कामा नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं शंकरसन दाश यांच्या खटल्यांत ठरविलें. कॅनडांतील आँटेरिओ प्रांत याहून पुढें गेला आहे. तेथें १ जानेवारी २०२६ पासून २५ वा अधिक नोकर असलेल्या मालकानें, जाहीर केलेल्या जागेसाठीं मुलाखत घेतल्यास, ४५ दिवसांच्या आंत उमेदवारास निर्णयाविषयीं कळविणें बंधनकारक आहे.

आपल्याकडे तसें होईपर्यंत उमेदवारानें उत्तराची तारीख मुलाखतीच्या वेळींच विचारून घ्यावी. ती उलटल्यावर एक सभ्य स्मरणपत्र धाडावें आणि पुढच्या अर्जाला लागावें. नेमणुकीचें पत्र हातीं पडेपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊं नये. घरांतील वडीलधाऱ्यांनींही रोज ‘कांहीं कळलें का?’ असें विचारूं नये. कळल्यास तो आपण होऊन सांगेलच.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकजण आज मुलाखत घेणाऱ्यांच्या खुर्चीवर बसत असतील. नाकारण्याचा त्यांचा अधिकार कोण अमान्य करील? परंतु ज्याचे दिवस आपण घेतले, त्याला एका ओळीचें उत्तर आपण देणें लागतों. तें ‘नाहीं’ असलें तरी चालेल.