घड्याळ सोन्याचे, पण किती?

आमच्या चाळीतील एक मावशी मध्यंतरी रुमालात बांधलेले घड्याळ घेऊन आल्या. नातीच्या नर्सिंगची फी भरायची होती. "भाऊ, आमच्या मालकांचं सोन्याचं घड्याळ. फसवणार नाही असा सोनार दाखवा."

मी म्हटले, आधी घड्याळवाल्याकडे जाऊ. सोनार वजनावर भाव करतो आणि आतले मशीन तर पितळ-पोलादाचे. ते अंदाजाने वजा केले की नुकसान आपले.

घड्याळवाल्याने मागचे झाकण उघडून भिंग लावले. खऱ्या सोन्याचे असेल तर झाकणाच्या आत बहुधा '१८ के' किंवा '०.७५०' असा शिक्का सापडतो, म्हणजे शंभरात पंचाहत्तर भाग सोने. १९९५ पूर्वीच्या स्विस घड्याळात १८ कॅरेटवर हेल्वेशिया या स्त्रीच्या मस्तकाची बारीक मुद्रा असते, १४ कॅरेटवर खारीची. मावशींच्या घड्याळावर मात्र '२० मायक्रॉन' आणि 'स्टेनलेस स्टील बॅक' निघाले. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर होतो. तेव्हा हा मुलामा किती पातळ ते समजावे. पट्टा अडकतो तिथली टोके घासून पांढरी पडलीच होती. 'गोल्ड फिल्ड', 'रोल्ड गोल्ड' ही मुलाम्याचीच भावंडे; शेजारी '१४ के' दिसले तरी भुलू नये. 'सतरा ज्वेल्स' वाचूनही काहींचे डोळे चमकतात. ते झीज कमी व्हावी म्हणून बसवलेले कृत्रिम माणिक, त्याला बाजारात मोल नाही.

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "निदान चालू तरी होईल का?"

मेन स्प्रिंग शाबूत होती, बॅलन्सचा दांडाही. वर्षानुवर्षे पडून तेल सुकून चिकट झाले होते, एवढेच. सगळे भाग सुटे करून, धुऊन, नवे तेल द्यायचे. बाहेरून पॉलिश करू का, असे त्याने विचारले, तेव्हा मीच नको म्हटले. उरलासुरला मुलामाही गेला असता. तबकडी रंगवून घेण्याचा मोहही टाळला. रंगवलेली तबकडी जाणकाराला लगेच कळते आणि किंमत उतरते.

फीचा पहिला हप्ता बायकांच्या भिशीतून भरला. दुसऱ्याची खटपट चालू आहे. घड्याळ नातीच्या मनगटावर आहे. नाडी मोजायला सेकंद काटा लागतोच, म्हणाली. रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्यायची आणि घट्ट लागली की थांबायचे, हे घड्याळवाल्याने तिला दोनदा बजावले आहे.