जुन्या लादीला नवा रंग

पावसाळा संपून दिवाळी जवळ आली, की घरोघरी डागडुजीला आरंभ होतो. भिंतींना रंग दिला जातो, दारे-खिडक्या उजळतात आणि मग पायाखालची काळवंडलेली लादी अधिकच खुपू लागते. ‘जुनी लादी काढून नवी बसवा’ हा सल्ला अशा वेळी सहज मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी त्याचा खर्च आणि परिणाम या दोहोंचा विचार करणे हिताचे ठरते.

दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीचे उदाहरण घ्यावे. तिचे क्षेत्रफळ 120 चौरस फूट, म्हणजे सुमारे 11 चौरस मीटर असते. लादी आणि तिच्याखालचा सिमेंट-वाळूचा थर मिळून जाडी केवळ 5 सेंटिमीटर धरली, तरी या एका खोलीतून एक टनाहून अधिक राडारोडा निघतो. तो उतरवण्याची मजुरी आणि वाहून नेण्याचे भाडे नव्या लादीच्या किमतीखेरीज असते. शिवाय, राडारोडा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकण्यास केंद्र शासनाने 2016 सालच्या नियमांनी मनाई केली होती. जुन्या लादीवरच नवी बसवली, तर इमारतीवरील भार वाढतो आणि दारे खालून तासावी लागतात. म्हणूनच लादी मजबूत असेल, तर तिला रंग देणे हा कमी खर्चाचा पर्याय ठरू शकतो.

मात्र प्रत्येक जुनी लादी रंगवावी, असे नाही. घरात कोणती लादी आहे, हे प्रथम ओळखावे. जुन्या घरांत नक्षीदार सिमेंटची लादी आढळते. अशी लादी भारतात तयार करण्यासाठी स्वदेशीच्या प्रेरणेने 1922 साली एक कारखानदारी उभी राहिली. तमिळनाडूतील आत्तंगुडी येथे आजही काचेवर रंगीत सिमेंट ओतून हाताने लाद्या घडवल्या जातात. या लाद्यांमधील रंग वरवरचा नसून त्याचा काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. मोझेक लादीतही संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये मिसळलेले असतात. अशा लाद्या घासून पॉलिश केल्या, की मूळ तेज पुन्हा प्रकट होते. त्यांवर रंग चढवणे म्हणजे सौंदर्य झाकणे होय. त्या साफ करण्यासाठी आम्ल वापरणेही घातक असते; कारण आम्लाने सिमेंट आणि संगमरवर दोन्ही झिजतात.

रंगाचा खरा उपयोग होतो तो चकचकीत मुलामा असलेल्या, डाग पडून विटलेल्या चिनी मातीच्या लाद्यांसाठी. त्यापूर्वी दोन परीक्षा घ्याव्यात. लाकडाच्या तुकड्याने लादीवर हलकेच ठोकावे. आवाज पोकळ आला, तर लादी खालून सुटलेली आहे, असे समजावे व ती आधी बसवून घ्यावी. दुसरी परीक्षा ओलीची. प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लादीवर लावून एक दिवस ठेवावा. त्याखाली पाण्याचे थेंब दिसले, तर जमिनीतून ओल वर येत आहे. अशा जागी रंग टिकत नाही; त्याचे पोपडे निघतात. ओलीचे कारण दूर केल्यावाचून पुढे जाऊ नये.

या परीक्षांत लादी उतरली, की कामाला लागावे. सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढून लादी स्वच्छ धुवावी व पूर्ण वाळू द्यावी. सांध्यांतील भेगा बुजवाव्यात. मुलाम्याला रंग धरत नाही; म्हणून पॉलिशपेपरने घासून पृष्ठभाग खरबरीत करावा. पाणी लावून घासल्यास धूळ उडत नाही. तरीही नाकातोंडावर मुखपट्टी बांधणे श्रेयस्कर. धूळ पुसून अस्तराचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर लादीसाठीच्या रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिल्यास रंग आतून नीट वाळत नाही. एपॉक्सी रंगाचे दोन घटक असतात. ते एकत्र केल्यावर ठरावीक वेळेतच वापरावे लागतात. त्यामुळे जेवढे लागेल तेवढेच कालवावे. काम करताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लहान मुलांना दूर ठेवावे. आरंभ दारापासून नव्हे, तर समोरच्या कोपऱ्यातून करावा. नाहीतर रंगवणाराच खोलीत अडकतो!

रंग स्पर्शाला वाळला, तरी पुरता कठीण होण्यास बहुधा आठवडा लागतो. तोवर जड सामान ओढू नये. न्हाणीघरासारख्या सतत ओल्या जागी रंग लवकर झिजतो आणि लादी निसरडी होते. तेथे हा उपाय टाळलेलाच बरा. इतरत्रही काही वर्षांनी रंगाचा हात पुन्हा द्यावा लागतो, हे लक्षात ठेवूनच निर्णय घ्यावा.

जुने ते सारे राखावे असे नाही आणि जुने म्हणून टाकावे असेही नाही. वस्तूची पारख आधी, खर्च नंतर, हा क्रम पाळला, तर पैसा वाचतो, श्रम सार्थकी लागतात आणि घराची ओळखही टिकून राहते.