मुसळी : पानापुरती आणि मुळापर्यंत

मृगाच्या सरी पडून गेल्या की त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसराच्या डोंगरउतारांवर लांबट हिरव्या पानांचे झुपके जमिनीलगत पसरू लागतात. भात-नागलीची कामे तेव्हा नुकतीच सुरू झालेली असतात. ही पाने सफेद मुसळीची. आदिवासी स्त्रिया ती कोवळी असतानाच खुडून आणतात. या भाजीला कुठे कुलू म्हणतात, कुठे फोडशी. बारीक चिरून मुगाच्या डाळीबरोबर ती परततात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांना तिची चव घेण्यास जेमतेम महिन्याची मुदत मिळते!

पुढे पानांच्या मधून एक सरळ दांडा वर येतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची शुभ्र फुले उमलतात. पूजेतील केशराशी या फुलाचे दूरचे नाते आहे. केशर आयरिसच्या कुळातले, मुसळीचे कुळ वेगळे. परंतु वनस्पतिशास्त्र दोघांना एकाच गणात ठेवते. केशराच्या फुलात पुंकेसर तीन, मुसळीच्या फुलात सहा, ही ओळखण्याची सोपी खूण. मुसळीच्या शास्त्रीय नावात मात्र चक्क बोरिवली आहे : क्लोरोफायटम बोरिविलिएनम. मुंबईतील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० नंतरच्या दशकात ते दिले.

जमिनीखाली बोटांएवढ्या मांसल मुळ्यांचा घोस असतो. बल्य औषध म्हणून त्याला मोठी मागणी आहे, आणि तेच या झाडाचे दुर्दैव. पाने बेताने खुडली तर मुळ्या शाबूत राहतात व पुढच्या मृगात पुन्हा फुटतात. घोस खणला की ज्या डोळ्यातून कोंब यायचा तोही जातो. बियांवर भिस्त ठेवावी, तर त्यातल्या थोड्याच रुजतात. अशा खणण्याने अनेक रानांतून मुसळी विरळ झाली. लागवड करणारा शेतकरी निदान डोळ्यासह काही मुळ्या बेण्यासाठी राखतो. रानात खणणाऱ्याला तसे बंधन नसते. काश्मीरमधील पांपोरचा शेतकरी तर केशराच्या फुलातील तीन तंतूच घेतो, कंद मातीतच राहतो.

कंदमुळांचा त्याग काटेकोर पाळणाऱ्या घरांतही मुसळीचे मूळ शक्तिवर्धक चूर्णाच्या डबीतून येऊ शकते. डबीवरील घटकांची यादी बारीक अक्षरांत छापलेली असते.