कार्यप्रणालीची निवड आणि मराठी लेखन : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

संगणक सुरू होताच त्याच्या सर्व अवयवांचा कारभार जी मूलभूत आज्ञावली हाती घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस व अँड्रॉइड ही तिची परिचित नावे होत. अमुक मनुष्य अमुकच कार्यप्रणाली का वापरतो, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः किंमत, सोय किंवा उत्पादकाचे बाजारातील वर्चस्व यांत शोधले जाते. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु ती अपुरी आहेत. ज्या समाजाचे दैनंदिन लेखन रोमन लिपीत होत नाही, त्याच्या बाबतीत लिपी हे एक स्वतंत्र कारण ठरते. अशा समाजात माणूस कार्यप्रणाली निवडतो असे म्हणण्यापेक्षा, त्याने आजवर केलेले लेखनच त्याच्या वतीने ती निवडते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

या दृष्टीने जालना जिल्ह्याचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १९ लाख ६० हजार असून तीपैकी बहुसंख्य वस्ती ग्रामीण आहे. सेतू केंद्र, तहसील कचेरी, मोंढ्यातील आडतीची पेढी आणि लग्नपत्रिका छापणारे मुद्रणालय ही येथील संगणकाची नेहमीची ठिकाणे. या मेजांवर प्रामुख्याने विंडोज आढळते. पेढीवर तिचे कारण सरळ आहे : हिशेबासाठी देशभर रूढ झालेली टॅली ही आज्ञावली विंडोजसाठीच रचलेली आहे. कचेरी व मुद्रणालय यांचे कारण मात्र अधिक खोल असून ते समजण्यासाठी देवनागरी संगणकात कशी आली हे पाहिले पाहिजे.

भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती मानक म्हणून १९९१ मध्ये निश्चित झाली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने प्रसारित केलेले जिस्ट कार्ड संगणकात बसविले की डॉस कार्यप्रणालीवर देवनागरी उमटत असे. इस्कीमध्ये अक्षराची नोंद उच्चारक्रमाने होई. परंतु विंडोजचा प्रसार झाल्यावर मुद्रणव्यवसायाने निराळा मार्ग पत्करला. श्रीलिपी, कृतीदेव इत्यादी अक्षरसंचांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरीचे तुकडे बसविले. कृतीदेवमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’ आणि ‘एफ’च्या जागी ऱ्हस्व वेलांटी आहे. ‘कि’ लिहावयाचे तर आधी वेलांटी व मग ‘क’ असा दृश्यक्रम पाळावा लागतो. डोळ्यांना मराठी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र तेथे ‘एफ’ व ‘डी’ ही दोन रोमन अक्षरेच असतात.

ही रचना केवळ तांत्रिक तडजोड नव्हती. तिच्या पाठीशी टंकलेखनयंत्राचा वारसा होता. रेमिंग्टन कळपाटीवर वेलांटी आधीच दाबली जात असे, आणि मराठी टंकलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या हजारो बोटांना तीच सवय होती. पुढे पेजमेकर या पानजुळणीच्या आज्ञावलीने मराठी मुद्रणाचे क्षेत्र व्यापले. तिची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली; तिला युनिकोड देवनागरी जुळविता येत नाही. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी आवश्यक अर्हता म्हणून रूढ झाला, आणि त्यात शिकविली गेली ती मुख्यतः विंडोजच. अशा प्रकारे अक्षरसंच, बोटांची सवय, पानजुळणी आणि परीक्षा या चारही गोष्टी एकाच कार्यप्रणालीभोवती गुंफल्या गेल्या. जालन्यात उर्दू भाषकांचीही जुनी वस्ती आहे. उर्दूची नस्तालिक वळणाची जुळणी करणारी इनपेज ही आज्ञावली १९९४ मध्ये आली, तीही विंडोजवरच. लिपी भिन्न, पण कारण एकच.

लिनक्सचे उदाहरण या विधानाला उलट बाजूने पुष्टी देते. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य आहे. सी-डॅकने तिच्या आधारे २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली सिद्ध केली. किंमत हेच निर्णायक कारण असते, तर अल्प भांडवलाच्या मुद्रणालयांनी ती प्रथम स्वीकारली असती. तसे घडले नाही. कारण प्रणाली फुकट मिळाली तरी त्यांची जुनी पाने तिच्यात उघडून दुरुस्त करणे शक्य नव्हते. संगणक बदलणे स्वस्त होते. लेखन बदलणे महाग होते.

याच्या उलट स्थिती मोबाइलची आहे. ज्याने कधी टंकलेखन केले नाही, त्याच्याजवळ सांभाळावयाची जुनी पाने नाहीत आणि मोडावयाची सवयही नाही. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटबरोबर अँड्रॉइड खेडोपाडी पोचले व त्यासोबत युनिकोड देवनागरीही पोचली. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील शेतकरी आज उच्चारानुसारी कळपाटीवर किंवा नुसते बोलून मराठी लिहू शकतो. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तोही मोबाइलवर पाहता येतो. येथे कार्यप्रणाली निवडली गेली ती मुख्यतः यंत्राच्या किमतीने. लेखनाने तिला अडविले नाही, एवढेच.

युनिकोडमुळे लिपी व कार्यप्रणाली यांची गाठ सैल झाली हे खरे. तथापि ती पुरती सुटलेली नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. त्यांतील दुसऱ्या शब्दातील रकार संगणकात दोन प्रकारे नोंदविता येतो : नुक्ताधारी ‘ऱ’ला हलन्त जोडून, अथवा साध्या हलन्त ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसण्यात दोन्ही सारखे असले तरी एका प्रकाराने शोध घेता दुसऱ्या प्रकारे लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. तोवर ते ‘अ’ला चंद्र जोडून लिहिले जाई, आणि आजही अनेकदा तसेच लिहिले जाते. भाषेच्या अभ्यासकाने संगणकीय शब्दसंग्रहावरून वारंवारिता मोजताना या भेदांची नोंद घेतली नाही, तर त्याचे निष्कर्ष चुकतील.

याहून गंभीर प्रश्न जुन्या लेखनाचा आहे. तालुक्याच्या गावातील एखादे मुद्रणालय कल्पावे. शाळांच्या स्मरणिका, स्थानिक साप्ताहिकांचे अंक, गावच्या कवींचे संग्रह, मराठवाडी बोलीतील कथा असा वीस-पंचवीस वर्षांचा मजकूर तेथील एका जुन्या संगणकात असतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. तरीही तो संगणक टाकून दिला जात नाही. कारण त्यातील अक्षरसंच गेला की मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उरतात. परिवर्तक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. पण प्रत्येक अक्षरसंचाची सारणी वेगळी असते, वेलांटी व रफार यांच्या जागा उलटवाव्या लागतात, आणि प्रत्येक पान माणसाने वाचून तपासावे लागते.

निजामी राजवटीतील दप्तरांच्या निमित्ताने मराठवाड्याने असा अनुभव एकदा घेतला आहे. मोडीतील कागद आज हाती असले तरी ते वाचणारा शोधावा लागतो. मोडीची अक्षरे निदान कागदावर तरी टिकली. जुन्या अक्षरसंचातील मजकुराचे संकेत टिकले तरी त्यांचे अक्षरपण टिकेलच असे नाही. म्हणून विद्यापीठीय मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील मुद्रणालयांशी संपर्क साधून हा मजकूर, त्याचा अक्षरसंच व शक्य तेथे त्याची छापील प्रत एकत्र मिळवावी आणि तो युनिकोडमध्ये आणावा, हे काम तातडीचे ठरते. ते झाले तर मुद्रकाला आपली कार्यप्रणाली खऱ्या अर्थाने निवडता येईल. आणि एका जिल्ह्याचे अलीकडचे लेखन एका जीर्ण यंत्राच्या आयुष्यावर अवलंबून राहणार नाही.