वाशीमहून परदेशी सेवेला जाताना

गावविकास, आरोग्य किंवा महिला सक्षमीकरणासाठी परदेशात काम करायचे असेल, तर संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम हा खात्रीचा मार्ग आहे. तो १९७० साली स्थापन झाला. मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. वयाची किमान अट १८ वर्षे. पगार नसतो, पण निर्वाहापुरता मासिक भत्ता आणि आरोग्यविमा मिळतो. नोंदणीला शुल्क नाही. त्यामुळे सेवेच्या संधीसाठी कोणी मोठी रक्कम मागितली, तर तिचा हिशेब आधी विचारा. डॉक्टर किंवा परिचारिका असलात, तरी रुग्णावर उपचार करायला त्या देशाची परवानगी लागते.

अनुभव मात्र घरीच मिळवता येतो. वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे; आरोग्य आणि पोषण हा त्या कार्यक्रमाच्या मुख्य निकषांपैकी एक. मानोरा-मालेगावच्या गावांत आशाताईंबरोबर घरोघरी फिरा, महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटाचे हिशेब समजून घ्या.

गावातली माणसेच काम पेलू शकतात, हे रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ओळखले. गावातल्याच, कित्येकदा निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. ते काम शिकायला आज परदेशातून लोक येतात. चांगल्या स्वयंसेवेची कसोटी हीच: आपण परतल्यावर तिथल्या बायामाणसांना ते काम स्वतः चालवता आले पाहिजे.