४८ माणसांच्या बेटावरचा कायदा

२०१५ च्या मे महिन्यात पिटकेर्न बेटांवर समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला. तेव्हा तिथली लोकसंख्या होती ४८. अख्खी वस्ती एका एसटीत मावली असती. आणि या कायद्याची वाट बघत थांबलेली समलिंगी जोडपी किती? एकही नाही.

ब्रिटनच्या अखत्यारीतलं हे बेट दक्षिण प्रशांत महासागरात आहे, न्यूझीलंडपासून साधारण ५,३०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. शेजारची वस्ती म्हणजे फ्रेंच पॉलिनेशियातलं मांगारेवा, तेही ५०० किलोमीटरहून लांब. तिथून बोटीनं यायला दीड दिवस लागतो. बोट किनाऱ्याला लागत नाही. ती खोल पाण्यात थांबते, बेटावरची माणसं लांबट होड्या घेऊन तिच्यापाशी जातात, पाहुणे आणि धान्याची पोती उतरवून घेतात आणि लाटेचा अंदाज घेत परत फिरतात. मग उभा चढ, आणि चढ संपला की ॲडम्सटाउन हे एकुलतं एक गाव.

मुख्य बेट जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं. पण भोवतालचा जो समुद्र या बेटांच्या नावावर आहे तो ८ लाख ३४ हजार चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे महाराष्ट्राच्या पावणेतीन पट. माणशी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त पाणी येतं. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर. एका माणसाचा वाटा त्याहून मोठा.

१७९० मध्ये इथं उतरले ते 'बाउंटी' जहाजावर बंड करून पळालेले ९ खलाशी आणि त्यांच्यासोबत ताहिती व आसपासच्या बेटांवरचे स्त्री-पुरुष. आजही बहुतेक रहिवासी त्यांचेच वंशज. १८३८ मध्ये या चिमुकल्या वस्तीनं स्त्रियांना मताचा अधिकार दिला. खुद्द ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ साल उजाडलं. मध्ये तब्बल ९० वर्षं.

पण म्हणून या बेटाला स्वर्ग समजायचं कारण नाही. २००४ मध्ये इथल्या ७ पुरुषांवर मुलींच्या लैंगिक शोषणाचे खटले चालले. न्यायाधीश न्यूझीलंडहून आले, ६ जण दोषी ठरले. पन्नासेक माणसांच्या गावात आरोपी, फिर्यादी आणि साक्षीदार एकमेकांचे नातलगच असणार. अशा ठिकाणी आपसातला समजूतदारपणा कमकुवत माणसाला वाचवत नाही, हे त्या खटल्यांनी उघडं केलं. पुढं २०१० मध्ये बेटाला नवी राज्यघटना मिळाली. तिच्यात मूलभूत हक्क कागदावर आले आणि लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही, हेही आलं. मला २०१५ च्या विवाह कायद्याची मुळं तिथं दिसतात. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये असा कायदा झाल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो सुचवला आणि बेटाच्या परिषदेनं एकमतानं मान्य केला. 'इथं आहेच कोण?' हा प्रश्न आडवा आला नाही.

आपल्याकडे तो आडवा आला होता. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंडविधानाचं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं, तेव्हाच्या कारणांत एक कारण आकड्याचं होतं. हा वर्ग लोकसंख्येचा अगदी नगण्य हिस्सा आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली खटले झाले ते २०० हून कमी जणांवर. त्याच सुनावणीत सरकारनं समलिंगी पुरुषांची अंदाजे संख्या दिली होती २५ लाख. ४८ नं भागून बघा: ५२ हजारांहून जास्त पिटकेर्न भरतील. ज्या संख्येला नगण्य म्हटलं गेलं ती ही. आणि समजा ती खरोखर २०० असती, तरी तुरुंगाची भीती त्या प्रत्येकाला पुरी १०० टक्केच असते, तिचे काही २०० भाग होत नाहीत. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं तो निकाल मोडीत काढला. हक्क डोकी मोजून द्यायचे नसतात, हे त्या दिवशी आपल्याकडेही मान्य झालं.

ब्रिटनच्या बाकीच्या दूरच्या बेटांवरचं चित्र एकसारखं नाही. अडीचशे माणसांच्या ट्रिस्टन द कून्यावर समलिंगी विवाहाचा हक्क २०१७ मध्ये आला. साडेचार हजारांच्या सेंट हेलिनावर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये विधान परिषदेत ९ विरुद्ध २ मतांनी विधेयक मंजूर झालं. ६० हजारांहून मोठ्या बर्म्युडात मात्र न्यायालयानं हक्क दिला आणि विधिमंडळानं काढून घेतला. न्यायालयानं तो पुन्हा दिला, आणि मार्च २०२२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं शेवटी नाकारला. तोवर तिथं लग्नं लागलेली होती.

१४० कोटींच्या भारतात १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. त्यानंतर हललंय ते परिपत्रकांच्या पातळीवर. २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं सांगितलं, की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना खात्याचा नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही. रेशनकार्डासाठी दोघांना एकाच घरातले धरावं, असं राज्यांना कळवलं गेलं. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं, असं पत्रही आरोग्य मंत्रालयानं पाठवलं. तीस वर्षं एकत्र संसार केलेल्या दोघांपैकी एकजण मृत्युपत्र न करता गेला, तर दुसऱ्याला घरावर पत्नी किंवा पती म्हणून वारसा सांगता येईल, असा कायदा मात्र अजून कुठल्याच सभागृहानं केलेला नाही.